सिरम लावल्याचं आधी कंगव्याला कळलं

माझ्या केसांची तक्रार कानाच्या खाली सुरू होते. टाळूजवळ ते चांगले असतात. काळेभोर, थोडे तेलकटच, बोट फिरवलं की सरळ घसरणारे. कानाशी आले की त्यांना लहर येते, खांद्याशी पोचेपर्यंत ते राठ होतात आणि टोकाशी तर नुसता पिंजारा. डोकं एक, केस एक, आणि त्याच्या दोन टोकांचे स्वभाव वेगळे.

कारण साधं आहे: टोकं म्हातारी असतात. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. माझे केस ५० सेंटीमीटरच्या आसपास आहेत, म्हणजे टाळूतून आज बाहेर आलेला भाग आणि खालचं टोक यांच्या वयात चारेक वर्षांचं अंतर. त्या चार वर्षांतला प्रत्येक शाम्पू, प्रत्येक ऊन, उशीवर बदललेली प्रत्येक कूस आणि वर हौसेनं केलेला रंग, हे सगळं त्या टोकानं सोसलेलं असतं. त्यात केस टाळूबाहेर आला की निर्जीव. त्वचेला खरचटलं तर भरून येतं. केसाचं जे गेलं ते गेलं. सिरमची बाटली उघडण्याआधी एवढं लक्षात ठेवलं की बाटलीवरच्या 'डॅमेज रिपेअर'कडे जरा शांतपणे बघता येतं. सिरमला केस दुरुस्त करता येत नाही. त्याला वरून एक थर देता येतो, आणि तो चांगला दिला तर तेवढ्यानंही बरंच काही बदलतं.

थर कशावर द्यायचा, तर खवल्यांवर. केसाचं बाहेरचं आवरण म्हणजे एकावर एक सरकवलेली सपाट, पारदर्शक खवली असतात, छपरावरच्या कौलांसारखी, मुळाकडून टोकाकडे उतरती. एक केस ताणून धरा आणि चिमटीतून मुळाकडून टोकाकडे ओढा, गुळगुळीत लागेल. टोकाकडून मुळाकडे ओढा, खरखर जाणवेल. माझ्या टाळूजवळच्या भागात हा फरक जेमतेम कळला. खालच्या वीतभरात मात्र उलट ओढताना बोट चक्क अडखळलं.

धडधाकट केसाच्या या खवल्यांवर एक अतिसूक्ष्म स्निग्ध थर रासायनिक बंधानं पक्का बसलेला असतो. त्यातल्या मुख्य घटकाचं नाव १८-मिथाइल आयकोसॅनोइक आम्ल, थोडक्यात १८-एमईए. पाणी झटकणं आणि शेजारच्या केसाशी घर्षण कमी ठेवणं हे त्याचं काम. ब्लीच आणि रंगाच्या अल्कधर्मी रसायनांनी तो निघतो, ऊन आणि रोजची झीज उरलेलं काम करतात, आणि तो परत उगवत नाही. माझ्या बाबतीत हे डोळ्यांनी दिसतं. एक बट ताणून धरून वरच्या भागावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो क्षणभर गोल बसून राहतो. टोकाजवळ ठेवला तर लगेच जिरतो. (पेल्यातल्या पाण्यात केस टाकून तो तरंगतो की बुडतो यावरून निदान करायची एक पद्धत फार लोकप्रिय आहे. तिच्या नादी लागू नका. स्वच्छ, कोरडा केस पृष्ठताणामुळेही तरंगतो आणि शाम्पूचा अंश लागलेला असला तर तोच बुडतो.)

हा हरवलेला थर तात्पुरता, म्हणजे पुढच्या धुण्यापर्यंत, उसना देणं हे सिरमचं खरं काम. मला ते असं मांडलेलं कुठल्याच वेष्टनावर दिसलं नाही. तिथे सगळा भर चमकेवर.

निवडताना मी बाटलीची पुढची बाजू सोडून मागची वाचायला लागले. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं असते, त्यामुळे पहिली चार-पाच नावं महत्त्वाची. १ टक्क्यापेक्षा कमी असलेल्या घटकांना मात्र क्रमाचं बंधन नसतं. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात झळकणारी अमुक बियांची तेलं आणि तमुक फुलांचे अर्क मागे बहुतेक वेळा सुगंधाच्या आसपास, अगदी शेपटाला सापडतात. पहिल्या दोन-तीन जागा बहुतेक सिरममध्ये सिलिकोननी, म्हणजे गुळगुळीत थर देणाऱ्या कृत्रिम द्रव्यांनी, धरलेल्या असतात. माझ्या बाटलीत सायक्लोपेंटासिलोक्सेन, मग डायमेथिकोनॉल, मग डायमेथिकोन. पहिलं पातळ आणि उडून जाणारं; बाकीच्या दोघांना पसरवायचं आणि आपण निघून जायचं एवढीच त्याची भूमिका. मागे उरतो तो या दोघांचा पडदा.

हे खरं वाटावं म्हणून मी एका हाताच्या पाठीवर सिरमचा थेंब घेतला आणि दुसऱ्यावर तेलाचा. तेलाचा थेंब बराच वेळ जागच्या जागी, फुगीर, चकचकीत. सिरमचा थेंब न ढकलता आपोआप पसरला, किंचित गार लागला आणि थोड्या वेळानं दिसेनासा झाला. उरला तो फक्त गुळगुळीतपणा. बोटांना बोटं घासली तर घसरत होती, आणि टिपकागद लावला तर त्यावर तेलासारखा डाग उमटला नाही. केसांवर हवं ते नेमकं हेच. तेलाशी त्याचं भांडण लावायचं मात्र कारण नाही. खोबरेल तेलासारखं तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची गळती कमी करतं. ते काम धुण्याच्या आधीचं. सिरम वरच राहतं, त्याचं काम धुण्याच्या नंतरचं. दोन्ही एकाच वेळी थापले तर मिळतो तो फक्त चपचपीतपणा.

आता लावण्याची वेळ, जिच्यावर माझ्या मते निम्मा निकाल अवलंबून असतो. पाणी निथळत असताना लावलं तर सिरम कुठे नीट बसत नाही. काही टॉवेलला लागतं, काही हातालाच राहतं. ठणठणीत कोरड्या केसांवर लावलं तर जिथे तळवा आधी टेकला तिथेच सगळं बसतं, वरच्या बटा तेलकट आणि आतल्या तशाच राठ. मधली अवस्था शोधावी लागते. माझी खूण अशी: बट मुठीत दाबली तर पाणी टपकत नाही, पण तळव्याला गारवा लागतो. टॉवेलनं खसाखसा पुसून ही अवस्था गाठायची नाही, कारण ओला केस पाण्यानं फुगलेला असतो. त्याची जाडी १५ टक्क्यांच्या आसपास वाढते, खवल्यांच्या कडा उचललेल्या असतात आणि तो ओढला तर कोरड्यापेक्षा कमी जोरातच तुटतो. जुना मऊ सुती कपडा गुंडाळून ठेवते आणि दुसरं काम करते. तेवढ्यात होतं.

मग दोन पंप तळव्यावर. दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या नीट माखून घ्यायच्या, आणि सुरुवात टोकापासून. डोकं पुढे झुकवून मागच्या, आतल्या केसांना आधी, कारण गुंता तिथे होतो, मानेच्या मागे, कॉलर जिथे घासते तिथे. मग बाजूच्या बटा कानाच्या उंचीपासून खाली. हातावर जे काही पुसटसं उरेल ते सगळ्यात शेवटी, भांगाच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या राहणाऱ्या बारीक केसांवरून एकदाच फिरवायचं. टाळूला काही नाही. टाळूचं स्वतःचं तेल असतं, तिथल्या केसांचा मूळ थर शाबूत असतो, त्यांना उसन्याची गरज नाही.

याचा खरंच उपयोग होतो की नव्या बाटलीचं कौतुक बोलतंय, हे पाहायला मी अर्धं डोकं वापरलं. मधोमध भांग पाडला, डाव्या बाजूला सिरम आणि उजव्या बाजूला काहीच नाही. पुढच्या धुण्याला बाजू उलट, कारण मी उजव्या कुशीवर झोपते आणि पर्सचा पट्टाही उजव्या खांद्यावर असतो. उजवी बाजू तशीच जास्त घासली जाते. शाम्पू तोच, कंडिशनर तोच, वाळवणं तसंच. दोन-चार धुण्यांत बाजू आलटून पालटून झाल्या आणि चित्र स्पष्ट झालं.

आरशात लांबून पाहिलं तर फरक होता, पण पैज लावावी इतका नव्हता. फरक कंगव्यात होता. मोठ्या दातांचा कंगवा कोऱ्या बाजूनं खाली नेताना खांद्याच्या पातळीला अडायचा, चर्र आवाज करायचा, मी तो काढून पुन्हा थोडा खालून घ्यायचे. कोरडी हवा असली की त्या बाजूचे केस कंगव्यामागे उठून यायचे. सिरमच्या बाजूनं तोच कंगवा बिनआवाजाचा उतरायचा. तेवढ्यावर थांबले नाही. पांढऱ्या कागदावर दोन्ही बाजूंचे निघालेले केस वेगवेगळे ठेवले आणि खिडकीशी नेऊन पाहिले. पूर्ण लांबीचा, एका टोकाला पांढरट बारीक गाठ असलेला केस म्हणजे आपलं आयुष्य संपवून मुळापासून गळालेला. असे दिवसाला ५० ते १०० गळणं सर्वसाधारण समजलं जातं आणि त्यांचा सिरमशी संबंध नाही. ते दोन्ही बाजूंना सारखेच होते. पण कोऱ्या बाजूच्या ढिगात आखूड, बोटभर किंवा त्याहून लहान तुकडेही होते. गाठ कुठल्याच टोकाला नाही. हे तुटलेले. सिरमच्या बाजूला असे तुकडे नजरेला येतील इतके कमी.

मला विचाराल तर सिरमचा सगळ्यात मोठा फायदा हा आहे, आणि जाहिरातींत तो मला फारसा दिसत नाही, कारण न तुटलेल्या केसाचा फोटो काढता येत नाही. लांब केस राखणाऱ्यांना मात्र हिशेब लगेच कळेल. केस वाढतात तेवढेच. खाली तुटायचे थांबले की लांबी दिसायला लागते. भांगाजवळ उभी राहणारी झुलपंसुद्धा सगळी नवी उगवलेली नसतात, त्यांतली बरीच वर तुटलेल्या केसांचे खुंट असतात.

चमकेचं गणित वेगळं निघालं. केस चमकतो म्हणजे त्यावर पडलेला प्रकाश एका दिशेनं परततो. खवली सपाट असतील तर प्रकाश नीट परततो, उचकटलेली असतील तर विखुरतो. सिरमचा पडदा खाचाखोचा भरून पृष्ठभाग समतल करतो, इथवर ठीक. पण एक केस कितीही गुळगुळीत झाला तरी शेजारचा दुसऱ्याच दिशेला वळलेला असेल तर डोळ्याला एकसंध चमक दिसत नाही. सरळ केसांवर दिव्याखाली जो चमकता पट्टा दिसतो तो शेकडो केस एका ओळीत पडल्यामुळे. माझ्या लहरी केसांत तो पट्टा तुटक तुकड्यांत दिसतो आणि तसाच दिसणार. काळ्या केसांवर हे तुकडे उठून दिसतात, कारण गडद केस आत शिरलेला प्रकाश शोषून घेतो आणि परतलेला तेवढा ठळक होतो. माझ्या रंगवलेल्या तांबूस टोकांवर तीच चमक फिकी पडते.

म्हणून सिरम लावून केस तसेच वाळू दिले तर माझी निराशा व्हायची. सिरम लावून, ओलसर असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्यानं विंचरून, दोन-तीन जाड बटा एकाच दिशेनं सैल पिळून सोडल्या आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावला नाही, तर लहरी एका ओळीत बसतात आणि चमक दिसते. यामागचं कारणही पाण्यातच आहे. केसाच्या आतले हायड्रोजन बंध पाण्यानं सुटतात आणि वाळताना, केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. वाळण्याचा तो वेळ हा आकार ठरण्याचा वेळ असतो. त्यात सारखी बोटं घातली की पिंजारा ठरलेला. सिरमच्या जोडीला हात आवरणं, हे बाटलीवर कुणी छापायला हवं.

याच कारणानं दमट हवेत सिरम पूर्ण टिकाव धरत नाही. हवेतली वाफ केसात शिरते, काही बंध सुटतात, नवे जुळतात आणि केस आपल्या मूळ वळणावर जातो. डायमेथिकोनच्या पडद्यातून पाण्याची वाफ आरपार जाऊ शकते, त्यामुळे 'ओलाव्यापासून संपूर्ण संरक्षण' हे शब्द मी फारसे मनावर घेत नाही. दमट दिवशी सिरम लावलेले केसही फुगतात. फक्त ते सुटे सुटे न उडता गटानं राहतात. एवढ्यावर समाधान नसेल तर वेणी घालावी. मी घालते.

माझ्यावर गुण आलेला पाहून माझ्या भाचीनं बाटली मागितली. तिचे केस माझ्या अगदी उलट, सरळ, बारीक आणि विरळसे. दुसऱ्याच दिवशी फोन. "मावशी, माझे केस न धुतल्यासारखे दिसतायत गं. चप्प बसलेत डोक्याला."

"किती लावलंस?"

"तू लावतेस तेवढंच. दोन पंप. आणि वरपासून."

"अगं, माझ्या निम्मेही नाहीत तुझे केस, आणि वर कशाला?"

"वरच तर उडतात ना!"

तिचं म्हणणं तिच्या जागी बरोबर होतं. पण सरळ केसावरून टाळूचं तेल सहज खाली उतरतं. लहरी केसात ते वळणांवर अडतं, म्हणून माझी टोकं कोरडी आणि तिची नाहीत. बारीक केसाला जड सिलिकोनचा भारही जास्त जाणवतो. तिला आम्ही शेवटी पाण्यासारखं पातळ, दुधाळ लीव्ह-इन (धुऊन न टाकता केसांवरच ठेवायचं कंडिशनर) घेऊन दिलं, ज्यात अमोडायमेथिकोन होतं. या प्रकारच्या सिलिकोनवर धन भार असतो आणि केसाचा झिजलेला भाग ऋण भाराचा, त्यामुळे ते जिथे झीज जास्त तिथे जास्त बसतं, धडधाकट भागावर कमी. तिला तेवढंच पुरतं, फक्त शेवटच्या चार बोटांना. वर उडणाऱ्या केसांसाठी तिनं वेगळाच उपाय शोधला: झोपायला गुळगुळीत कापडाचा अभ्रा. घर्षण कमी करायचं तर ते कुठूनही करता येतं, हे मला पोरीनं शिकवलं.

काही आठवड्यांनी माझ्याकडे दुसरीच कुरबूर सुरू झाली. केस धुतल्यावरही हाताला काहीतरी माखल्यासारखे लागायचे, वाळायला वेळ लागायचा, आणि सिरमचा आधीचा परिणाम दिसेना म्हणून हात आपोआप तिसऱ्या पंपाकडे जायचा. थरावर थर साचत होता. मी त्या काळात फार सौम्य, सल्फेट नसलेला शाम्पू वापरत होते, आणि डायमेथिकोन नुसत्या पाण्यानं निघत नाही. इलाज अवघड नव्हता. अधूनमधून एकदा सोडियम लॉरेथ सल्फेट असलेला साधा, फेस होणारा शाम्पू, टोकांपर्यंत नीट, आणि लगेच कंडिशनर. पहिल्याच धुण्यात केस हलके झाले आणि दोन पंप पुन्हा पुरायला लागले. माखल्यासारखं वाटणं आणि हात सैल सुटणं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की मी तो शाम्पू काढते. त्याला तारीख-वार नाही.

सिलिकोननं केसांचा श्वास कोंडतो असं मला याच सुमारास बऱ्याच जणींनी सांगितलं. केस श्वास घेत नाही. तो म्हणजे केराटिन नावाचं निर्जीव प्रथिन. जिवंत असतं ते टाळूतलं मूळ, आणि त्याला रक्ताकडून पोषण मिळतं. सिलिकोन साचतं हे खरं, ते धुऊन काढावं लागतं हेही खरं. कोंडमाऱ्याची गोष्ट मात्र सोडून द्यावी.

पर्यावरणाचा आक्षेप त्याहून वजनदार आहे. सायक्लोपेंटासिलोक्सेन निसर्गात सहज विघटित होत नाही, म्हणून युरोपीय संघानं धुऊन टाकायच्या प्रसाधनांत त्यावर २०२० पासून ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. २०२४ मध्ये नियम आणखी कडक झाला आणि केसांवर राहू द्यायची प्रसाधनंही त्याखाली आली. त्यांच्यासाठी मुदत २०२७ ची. म्हणून हल्ली बऱ्याच सिरमच्या यादीत पहिल्या जागेवर आयसोडोडेकेन किंवा सी१३-१५ अल्केन अशी, सिलिकोन नसलेल्या पर्यायांची नावं दिसतात. माझी पुढची बाटली तशीच होती. हाताला ती किंचित जास्त तेलकट लागली आणि बसायला थोडा वेळ घेतला, पण कंगवा तसाच उतरला. मी परत जुन्याकडे गेले नाही.

उष्णतेबद्दल थोडं सावध बोलते, कारण इथे सिरमवर नको तेवढा विश्वास टाकला जातो. स्ट्रेटनर २३० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो. कोरड्या केसातलं केराटिन २०० अंशांच्या पुढे बिघडू लागतं आणि ओल्या केसात ही मर्यादा १५० च्या आसपास खाली येते. ओलसर केस तापलेल्या पट्ट्यांत धरला तर चुर्र आवाज येतो. आतल्या पाण्याची झपाट्यानं वाफ होते आणि केसात सूक्ष्म बुडबुडे फुटतात, मग तो तिथेच तुटतो. सिरमचा पडदा उष्णता थोडी हळू आणि सारखी पोचवतो, एवढीच त्याची ढाल. त्यानं नुकसान कमी होतं, टळत नाही. शिवाय सिरममधले उडून जाणारे घटक ज्वलनशील असतात, त्यामुळे लावल्या लावल्या स्ट्रेटनर फिरवायचा नाही. आधी केस पूर्ण वाळू द्यायचे. मी ड्रायर वापरते, हातभर लांबून, मध्यम गरम आणि झोत मुळाकडून टोकाकडे, खवल्यांच्या दिशेनं. स्ट्रेटनर एखाद्या समारंभापुरता.

कपाळाची कडा आणि कानामागे मला बारीक पुटकुळ्या आल्या त्या पुढच्या आखूड बटांना सिरम लावायला लागल्यावर. सिलिकोनपेक्षा त्यातल्या सुगंधाचा किंवा तेलांचा तो प्रताप असावा. त्या बटा मी सोडून दिल्या, हात धुऊन मगच चेहऱ्याला लावायला लागले, पुटकुळ्या गेल्या. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी सुगंध नसलेली बाटली शोधावी आणि आधी कानामागे थेंबभर लावून पाहावं.

आणखी एक गोंधळ दुकानाच्या फळीवरच होतो. टाळूला लावायची सिरम वेगळी, केसांना लावायची वेगळी. केस उगवण्यासाठी वापरलं जाणारं मिनोक्सिडिल हे औषध आहे, ते टाळूवर काम करतं आणि वैद्यकीय सल्ल्यानं घ्यायचं. केसांच्या सिरमनं एकही केस नव्यानं उगवत नाही की गळणारा थांबत नाही. गळती अचानक वाढली असेल, विशेषतः गाठ असलेले पूर्ण केस मूठभर निघत असतील, तर कंगवा आणि बाटली दोन्ही बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं.

राहिली दुभंगलेली टोकं. सिरम लावलं की दोन्ही फाटे एकमेकांना चिकटतात आणि टोक अखंड दिसतं. धुतल्यावर पुन्हा उघडतं, आणि दरम्यान फाटा वर सरकत राहतो. मी एक टोक मुद्दाम लक्षात ठेवलं होतं, बटेला दोरा बांधून. सिरम नेमानं लावूनही तो फाटा वर गेलाच. त्यावर कात्रीशिवाय इलाज नाही. केस कापणाऱ्या ताईंना मी "फक्त टोकं" म्हटलं तेव्हा त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमची टोकं की माझी टोकं?" त्यांची चार बोटं गेली. जुना रंगही बराचसा त्यातच गेला. आता दीड पंप पुरतो, आणि आठवड्यातून एकदा तर मी सिरमशिवायच विंचरून पाहते, वरचा किती भाग आपल्या बळावर सरळ उतरतो ते कळावं म्हणून.